गडद हिरवं अस्तर

याकोबकाका, तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना मी तुमच्याकडं बघितलं नाही. तुमचा पोरगा दाविद म्हणाला, "तुमी पाणी टाका, मी हात फिरवतो." मी तांब्या बुडवायचो, ओतायचो आणि समोरच्या खिडकीचे गज बघायचो. पाच गज होते. चौथा वाकलेला होता. बाळापुरात तुमच्या समाजाची घरं ती किती, त्यातले बाप्ये कामाला बाहेरगावी, पाळक हिंगोलीहून यायचे होते. म्हणून मला आत बोलावलं. दाविदनं विचारलं होतं, "चालंल ना तुमाला?" मी म्हणालो, चालंल.

त्याला आज पाच दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, संघटनेच्या बैठकीलाही जाऊन आलो. कोणी तुमचं नाव काढलं की कानाला ऐकू येतं, पुढं काही जात नाही. मशीनचा पट्टा निसटला की पायडल नुसतं फिरत राहतं, सुई हलत नाही, तसं चाललंय.

लोक म्हणतात, तू लिहितोस ना, मास्तरवर चार ओळी लिही. तुमचा जन्म, शिक्षण, चर्चमधली सेवा हे दाविद लिहील. मला तुमच्याशी एक भांडण संपवायचं आहे. तीन वर्षं ते अर्धं पडलंय आणि तुम्ही मधेच उठून गेलात. याचा मला राग आलाय, हे आधी सांगून टाकतो.

भांडण सुरू झालं ते थट्टेत. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आम्हा संघटनेच्या पोरांना वाटत होतं की आता सगळंच नव्यानं करायचं. पत्रकाचा कच्चा मजकूर घेऊन मी तुमच्या शिवणाच्या दुकानात यायचो. बसस्टँडच्या अंगाला ती दहा बाय आठची खोली, एक मशीन, भिंतीला खिळ्यांवर अडकवलेले कापड बेतायचे कागदी फर्मे, आणि कोपऱ्यात पोत्यावर बसून काज-बटण, तुरपाई करणारी बाई. तिचं नाव मी इथं घालत नाही. का घालत नाही ते पुढं येईल.

"या पत्रकवाले," तुम्ही मान वर न करता म्हणायचात. "आज कोणाला उघडं पाडून राहिले?"

त्या दिवशी तुमच्याच देवाला. मी मजकूर वाचून दाखवला. पहिल्या जोडप्यानं ज्ञानाच्या झाडाचं फळ खाल्लं आणि ज्ञान झालं ते काय, तर आपण नागडे आहोत. साऱ्या दुनियेचं ज्ञान पडलेलं असताना पहिलं हे कळलं. म्हणजे धर्माला माणसाला शहाणं करायचंच नव्हतं, खाली मान घालायला शिकवायचं होतं. हे मी मोठ्या आवाजात वाचलं, कारण बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.

तुम्ही दातानं दोरा तोडलात. "उलटं वाचलंस तू. देव तर त्यालाच पुसून राहिला, का बाबा, तू नागवा हाईस हे तुला सांगितलं कोणी? देवाला ठाऊकच न्हवतं असं काही असतंय म्हणून. आन् पुढचं काहून सोडून देतोस? बागेतून भाईर काढायच्या आधी काय केलं देवानं?"

"शाप दिला."

"शाप देला, व्हय. आन् मंग बसून त्या दोघाला कपडे शिवले. चामड्याचे. त्यांनी पानं गुंडाळली व्हती. पानं काय, दुपारपर्यंत सुकतेत. ज्यांनी ऐकलं न्हाई त्यांना शिवून देलं, हे ध्यानात घे. आमचा धंदा तिथून हाय."

कोपऱ्यातून ती म्हणाली, "म्हंजी तुमचा देव शिंपी व्हय, मास्तर?"

"पहिला."

"मंग काज-बटण कोणी केले?"

"तवा बटणं न्हवती. म्हणून तर तुझ्यावाचून भागलं त्याचं."

ती तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. पत्रकात मात्र मी एक ओळ बदलली नाही.

पुढच्या बाजाराला मी आमची गोष्ट घेऊन आलो. विहारात भन्तेजींनी सांगितलेली. आमच्यात देव नाही, फळ नाही, शाप नाही. पहिले जीव उजेडाचे होते. त्यांनी गोड माती बोटानं चाखली, चाखत राहिले, अंगं जड झाली, उजेड गेला. मग बाई वेगळी झाली, बाप्या वेगळा झाला. एकमेकांकडं बघत बसले, बघता बघता जवळ आले. बाकीच्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्यावर माती, राख, शेण फेकलं. म्हणून त्या दोघांनी आडोसा बांधला. जगातलं पहिलं घर ते. मी फार ऐटीत सांगितलं, कारण इथं कोणी वरून हुकूम दिला नव्हता. घडलं कसं ते दिलं होतं, बस.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "गोष्ट चांगली हाय. पर शेण फेकणारे कोण व्हते?"

"कोण म्हणजे? बाकीचे."

"त्यांचं पुढं काय झालं?"

"काही नाही. पुढं त्यांनीही घरं बांधली."

"घरी जाऊन हात तरी धुतले का न्हाई?"

मी म्हणालो, काका, तुम्ही गोष्टीला फाटे फोडता. तुम्ही म्हणालात, कापड बेतायचं तर फाडावंच लागतं.

एकदा एक दिगंबर मुनी बाळापुरातून पायी गेले. दुकानदार हात जोडून उभे, बायकांनी रस्ता झाडून ठेवलेला. मी तुमच्या कानाशी म्हणालो, बघा, बाप्यानं कपडे सोडले की देव होतो, बाईनं सोडले की तो नवस. तुम्ही तेव्हा थट्टा केली नाहीत. म्हणालात, "त्यांनी आपल्या हातानं सोडलं, पोरा. कोणी वढून न्हाई काढलं. सोडणं आन् वढणं, जमीन-अस्मानाचा फरक हाय."

नवस म्हणालो तो लिंब नेसण्याचा. आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण हे बाहेरचं कोणी वाचलं तर. लेकराला गोवर निघाला, अंगभर फोड आले की आई मरीआईला बोलून ठेवते, लेकरू उठू दे, लिंब नेसून येईन. मग आषाढात जत्रेला अंगावरचं लुगडं उतरवायचं, गळ्याला-कमरेला लिंबाचे डहाळे बांधायचे आणि हलगीच्या मागं विहिरीपासून देवळापर्यंत चालायचं. दोन्ही बाजूंना माणसं उभी. हे बंद झालं पाहिजे असं मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो. त्यातला एक शब्द मागं घेत नाही.

त्या आषाढात मी मित्राचा कॅमेरा घेऊन गेलो. देवळासमोरच्या ओट्यावर चढून एक फोटो काढला. डहाळे बांधलेली बाई, चेहरा सरळ कॅमेऱ्याकडं. फोटो काढल्यावर मी तिला ओळखलं. ती तुमच्या कोपऱ्यात तुरपाई करणारी होती. ओळखल्यावर कॅमेरा खाली घ्यायला पाहिजे होता. मी आणखी एक काढला.

नांदेडला पत्रक छापलं. वर ठळक अक्षरात 'ही लाज कोणाची?', मधे फोटो, खाली माझं वाक्य: 'पानांशिवाय अंगावर एक चिंधी नाही.' आणि सही, 'आपले, समस्त जागृत नागरिक'. बाजाराच्या दिवशी आम्ही ते हातोहात वाटलं. लोकांनी मागून मागून घेतलं. आजवर माझं एकही पत्रक कोणी मागून घेतलं नव्हतं. त्यावरूनच मला कळायला पाहिजे होतं.

चार दिवसांत ते पानटपरीच्या फळीला चिकटलं. फोटोवर पेनानं काहीबाही लिहिलं गेलं. तिच्या गल्लीतून जाताना पोरं तोंडानं हलगी वाजवायची. ती दुकानात यायची बंद झाली आणि दुसऱ्या बाजाराच्या आत लेकरू घेऊन भावाच्या गावी निघून गेली. नवरा मागाहून गेला. मी स्वतःला सांगितलं की हे सगळं रूढीमुळं झालं. रूढीचं नाव घेतलं की आमच्यातल्या कोणालाच स्वतःचं नाव घ्यावं लागत नाही.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही कापायच्या टेबलावर ते पत्रक पसरलंत, चार कोपऱ्यांवर बॉबिनं ठेवलीत आणि म्हणालात, "वाच."

मी वाचलं.

"एक चिंधी न्हाई म्हणतोस."

तुम्ही टेबलाखालच्या बोचक्यातून एक तुकडा काढलात. गडद हिरवं अस्तर. शिवून उरलेलं, हातभर.

"तिनं मापाचं झंपर आणून देलं. त्याच्यावर बेतलं मी. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, अंगाबराबर. वरून डहाळे बांधले तर कोणाला दिसू नाही असा रंग हुडकायला दोन दुकानं फिरलो. नवस बी फिटला, अंग बी झाकलं. तिच्या अंगावर कापड व्हतं, पोरा."

काळ्या-पांढऱ्या फोटोत, प्रेसच्या शाईत, पाला आणि अस्तर एकच काळं झालं होतं. जिथं दिसत नव्हतं तिथं मी वाक्य लिहिलं होतं.

मी काय करायला पाहिजे होतं ते आज कोणीही सांगेल. मी उलट तुम्हालाच धरलं. म्हणालो, मरीआईच्या नवसाला तुम्ही कपडे शिवले? तुमच्या पाळकांना चालतं हे?

"बोलले ते बी. मी म्हणलं, देव कोणता का असंना, अंग तर तिचंच हाय ना." मग तुम्ही विचारलंत, "फोटो काढायच्या आधी तिला इचारलं व्हतं का?"

मी म्हणालो, चळवळ एका बाईची नसते.

"बरं. मंग दुसरं पत्रक काढ. जास्त लिवू नको. कापड व्हतं, एवढंच."

मी तुम्हाला चळवळ शिकवायला लागलो. असं छापलं तर देवळाचे लोक म्हणतील, कापड होतं ना, मग तुमची तक्रार काय? सगळं केलेलं पाण्यात जाईल. एका माणसासाठी लढा मागं घेता येत नाही. हे मी खरंच बोललो, काका. तुम्ही बोटानं माझ्या पत्रकाच्या तळाशी टिचकी मारलीत.

"समस्त जागृत नागरिक. यातला तू कोणता?"

"सगळेच."

"बागेतला पहिला बाप बी असाच झाडाआड जाऊन बसला व्हता. देव हाका मारून राहिला, कुठं हाईस रे, कुठं हाईस."

"प्रवचन नको," असं म्हणून मी उठलो. तुम्ही मागून म्हणालात, "उरलेले गठ्ठे मला दे. फर्म्याला कागद लागतो." मी रागात दोन्ही गठ्ठे तुमच्या उंबऱ्यात आणून टाकले.

त्यानंतर तीन वर्षं आपण बोलत होतो. पाऊसपाणी, निवडणूक, माझ्या पँटीची कंबर. तुम्ही माझ्या पँटी शिवल्यात, तुरपाई स्वतः केलीत, कारण कोपऱ्यात कोणी नव्हतं. पोतं तुम्ही उचललं नव्हतं. दर वेळी मला वाटायचं, आज काका काढतील विषय. तुम्ही काढला नाहीत. माझी वाट बघत होतात, एवढं मला कळत होतं आणि त्याचाच मला राग यायचा.

एकदाच काढलात, शेवटच्या आठवड्यात. दम लागत होता. पांघरूण सरकलं होतं, मी ते नीट केलं. तुम्ही तुटक तुटक ती गोष्ट सांगितलीत, जलप्रलयातून वाचलेल्या म्हाताऱ्याची. दारू पिऊन तंबूत उघडा पडला होता. एका पोरानं बघितलं आणि बाहेर सांगत सुटला. दुसरे दोघं खांद्यावर कापड घेऊन पाठमोरे आत आले, बापाकडं न बघता कापड टाकून निघून गेले. गोष्ट संपवून तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मला काय म्हणायचं होतं ते तोंडात आलं होतं. मी म्हणालो, चहा आणतो. चहा आणला तोवर तुमचा डोळा लागला होता. तो मीच प्यालो.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी दाविदनं मला दुकान आवरायला बोलावलं. खिळ्यांवरचे फर्मे काढत होतो. झंपरांचे, कुडत्यांचे, शाळेच्या गणवेशाचे. फर्मे जाड लागले हाताला. साधा कागद एवढा जाड नसतो. कडेला बघितलं तर दोन-दोन कागद खळीनं एकमेकाला चिकटवलेले. तुम्ही माझी पत्रकं तोंडाला तोंड लावून चिकटवली होती. छापलेली बाजू आत, कोरी बाहेर, आणि कोऱ्यावर तुमच्या निळ्या पेन्सिलीनं छाती, बाही, उंची. दोन्ही गठ्ठे. तीन वर्षं गावातल्या बायकांची झंपरं तुम्ही त्याच्यावर बेतत होतात. एक फर्मा मी दाराच्या उजेडात धरला. आत काहीतरी काळं आहे, एवढंच दिसलं.

दाविद म्हणाला, "काय हाय आत? सोलून पाहू?"

"नको," मी म्हणालो.

तेवढ्यात ती आली. तीन वर्षांनी. सोबत मुलगी, दोन वेण्या घातलेली. हिच्यासाठीच तो नवस. ती दारात चपला काढून आत आली आणि सवयीनं कोपऱ्यातल्या पोत्यावर जाऊन बसली.

"मास्तर गेले आन् मला कोणी कळवलं न्हाई," ती म्हणाली. "बसमधी आयकलं मी."

दाविद पाणी आणायला गेला. मी फर्मे हातात धरून उभा होतो.

"बाई, तो फोटो मी काढला होता."

"ठाव हाय."

"मास्तरांनी सांगितलं?"

"त्यांनी काहून सांगावं? मी पायलं ना तुमाला, वट्यावर. मला वाटलं, आपल्या दुकानात येणारं पोरगं हाय, वळखीचं हाय. म्हणून तर मान न्हाई फिरवली मी."

काका, हे मी जसं ऐकलं तसं लिहिलंय. ती ओरडली नाही. मुलगी खाली पडलेली बटणं गोळा करत होती.

मी म्हणालो, लिंब नेसायला नको होतं तुम्ही, माझं मत अजून तेच आहे. हे तेव्हा बोलायचं कारण नव्हतं. तोंडाला सवय.

"पोरगी तापानं फणफणली व्हती सात दिवस," ती म्हणाली. "तवा तुमचं पत्रक कुठं व्हतं? मास्तरला म्हणलं, बोलून बसले, आता कसं करू, लाज वाटती. ते म्हणले, झंपर आणून दे मापाचं."

मग तुम्ही मला त्या दिवशी जे करायला सांगितलं होतं, ते मी तिला विचारलं. "दुसरं पत्रक काढू का?"

ती पोत्यातून लोंबणारा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"आता कोण वाचतंय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "काढा. पर माझं नाव नका टाकू. ऱ्हाते कुठं ते नका टाकू. कापड व्हतं म्हणून लिवा. हिरवं व्हतं. मास्तरनं शिवलं व्हतं."

"बास?"

"आन् खाली तुमचं नाव टाका. त्या बारीला कोणाचंच न्हवतं."

दाविदनं पाणी दिलं, ती प्याली, मशीनला हात लावून पाया पडली आणि बसला गेली. फर्मे मी मागून घेतले. माझ्याकडं आहेत, तसेच, न सोललेले. गादीखाली सपाट ठेवलेत.

काका, तुम्ही मला कधी हरवलं नाहीत. वादात हरवलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन आलो असतो. तुम्ही नुसते झाकत गेलात. तिला झाकलंत, आणि मला वाटतं मलाही, कारण ती सही कोणाची हे गावात तुम्ही कोणालाच सांगितलं नाही. याबद्दल आभार मानायचे तर कसे मानतात ते मला येत नाही. आमच्या पत्रकांत तो शब्द लागत नाही.

दुसरं पत्रक लिहून झालंय. माझं आजवरचं सगळ्यात लहान. उद्या सकाळच्या गाडीनं तिच्याकडं जातोय. पत्रक आणि हा लेख, दोन्ही वाचून दाखवीन. ती हो म्हणाली तरच छापायला टाकीन. निगेटिव्हची पट्टी बरोबर घेतलीय, ती तिच्या हातात देईन. त्या पट्टीचं काय करायचं ते ती बघेल.

मजकूर असा आहे, खाली माझं एकट्याचं नाव. 'त्या आषाढात आमच्या पत्रकात ज्या बाईचा फोटो छापला, तिच्या अंगावर कापड होतं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, गडद हिरवं अस्तर, याकोब मास्तरांनी शिवलेलं. फोटो तिला न विचारता काढला. खाली जे लिहिलं ते आम्ही खोटं लिहिलं.'

तुमच्या पेन्सिलीचा एक तुकडा दुकान आवरताना माझ्या खिशात राहिला होता. शेवटच्या ओळीतलं 'आम्ही' मी त्यानं खोडलं. वर 'मी' लिहिलं.